सोर्स कोड : आठ मिनिटांची गाडी आणि त्यावर परभणीत रंगलेला वाद

टाइम लूपचा, म्हणजे तीच ती वेळ परत परत घडत राहते असा पिक्चर म्हणलं की आमच्याकडं अर्ध्या लोकांचं उत्तर ठरलेलं असतं, "नको बाबा, डोक्यावरून जातंय ते," आणि उरलेले अर्धे असे की डोक्यावरून गेल्याशिवाय त्यांना पिक्चर भारी वाटतच नाही. 'सोर्स कोड' ह्या दोन्ही पार्ट्यांना एका सतरंजीवर दीड तास गप्प बसवतो आणि संपल्यावर दोघांनाही बोलायला लावतो. २०११ चा पिक्चर आहे, म्हणजे नवीन काही नाही, पण आमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांनी आत्ताच पहिल्यांदा बघितला आणि त्यानंतर जे काही बोलणं झालं ते इतकं चांगलं झालं की म्हणलं हे लिहूनच काढावं. दिग्दर्शक डंकन जोन्स, लिहिलाय बेन रिप्लीनं, हिरो जेक जिलेनहाल, त्याच्यासमोरच्या सीटवर मिशेल मोनाहन, स्क्रीनवरून त्याच्याशी बोलणारी हवाई दलाची अधिकारी म्हणजे वेरा फार्मिगा आणि तिच्यावरचा शास्त्रज्ञ जेफ्री राइट. लांबी ९३ मिनिटं, गाणी नाहीत, मारामारी थोडीच, शेवटाकडं एक दृश्य अंगावर येणारं आहे तेवढं सोडलं तर आठवी-नववीच्या पुढची पोरं सोबत बसली तरी चालतंय.

आमचं बघणं असं असतं की एका शिकवणीच्या हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी प्रोजेक्टर रिकामा असतो, तिथं पंधरा-वीस जण जमतात, त्यात रेल्वेनं रोज अप-डाऊन करणारे, फिजिक्सचे सर, त्यांची एमपीएससीवाली जुनी पोरं, मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेले भाई, आमच्या गल्लीतले रिटायर सुभेदार काका, आमची वहिनी आणि तिच्यासोबत आलेल्या एक-दोन मावशा. इंग्रजी सगळ्यांना जमत नाही, म्हणून सर मधून मधून पॉज करून सांगतात, आणि ह्या पिक्चरला ते फार करावं लागलं नाही, कारण जी गोष्ट कळायला पाहिजे ती पिक्चर स्वतःच पुन्हा पुन्हा दाखवतोय.

इथून पुढं मी सगळं फोडणार आहे, शेवटासकट, कारण शेवटाबद्दल बोलायचं नसेल तर ह्या पिक्चरबद्दल बोलण्यात मजाच नाही. ज्यांना कोरं बघायचंय त्यांनी आधी बघून या, नंतर वाचा.

गोष्ट अशी की एक माणूस शिकागोकडं जाणाऱ्या लोकल गाडीत दचकून जागा होतो. समोर बसलेली बाई त्याला ओळखल्यासारखं बोलायलीय, त्याला शॉन म्हणायलीय, आणि हा म्हणतोय मी शॉन नाही, मी कॅप्टन कोल्टर स्टीव्हन्स, अफगाणिस्तानात हेलिकॉप्टर उडवत होतो. पळत जाऊन आरशात बघतो तर चेहराच दुसऱ्याचा, खिशातलं कार्ड दुसऱ्याचं, शॉन फेंट्रेस नावाच्या शाळामास्तरचं. हे कळेस्तोवर आठ मिनिटं होतात आणि गाडीत स्फोट. मग हा एका अंधाऱ्या लोखंडी खोलीत पट्ट्यांनी बांधलेला, स्क्रीनवर ती अधिकारी गुडविन, आणि ती एकच विचारते, बॉम्ब कुणी ठेवला? सांगता येत नाही म्हणल्यावर परत त्याच गाडीत, त्याच सीटवर, त्याच बाईसमोर.

ह्यात पेच असा आहे की ती गाडी त्या दिवशी सकाळीच उडालीय. मेलेले मेले, त्यांना वाचवायचं कामच ह्याच्याकडं दिलेलं नाही. त्याच बॉम्बवाल्याचा दुसरा बॉम्ब शिकागो शहरात फुटणार आहे, किरणोत्सर्गी कचरा पसरवणारा, तो थांबवायला फक्त नाव पाहिजे. म्हणजे ह्याला मेलेल्या लोकांमध्ये जाऊन बसायचंय, त्यांच्याशी बोलायचंय, आणि नाव घेऊन परत यायचंय. बाकीच्या लूपवाल्या गोष्टींत माणूस लूपमधून सुटायला धडपडतो, इथं गडी जसजसा आत जातोय तसतसं त्याला त्या डब्यातल्या लोकांना सोडून यावंसं वाटत नाही, आणि मला हा पिक्चर आवडतो तो मुळात ह्याच्यामुळं.

अप-डाऊनवाल्यांना हे सगळ्यात जास्त भिडलं. परभणी-नांदेड किंवा परभणी-जालना रोज करणाऱ्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही की डबा म्हणजे काय असतो. कोण कुठल्या खिडकीला बसणार, कोण पूर्णेला चढला की आधी पंख्याखाली जागा शोधणार, कोण डबा उघडला की ठेच्याच्या वासानं सगळा कंपार्टमेंट जागा करणार, हे सगळं पाठ असतं आणि तरी त्यातल्या निम्म्या लोकांचं नाव आपल्याला माहीत नसतं. पिक्चरमध्ये पण तसंच आहे. बाजूनं जाणाऱ्या बाईच्या हातातली कॉफी ह्याच्या बुटावर सांडते, मागं कोणीतरी कोल्ड्रिंकचा कॅन फोडतं, एकजण गाडी लेट झाली म्हणून कुरकुर करतोय, तिकीट तपासनीस येतोय. पहिल्यांदा ह्याकडं कुणाचं लक्ष पण जात नाही. दुसऱ्या वेळी कॉफी सांडताना आपण म्हणतो, हां, ही आली. तिसऱ्या वेळी तो पाय बाजूला घेतो आणि कॉफी फरशीवर पडते, आणि आमच्या हॉलमध्ये त्या एवढ्याशा गोष्टीला शिट्टी पडली! स्फोटाला नाही पडली, बुटाला पडली. त्या एका क्षणात आपल्याला कळतं की आता हा माणूस त्या डब्यातला झालाय.

आमच्यातला एकजण, जो जालन्याला बँकेत जातो, तो म्हणला, "मी उद्या गाडीत बसलो की पहिले समोरच्याचं नाव इचारणार, इतके दिवस झाले नुस्तं हात वर करायलोय एकमेकाला." असं बोलायला लावणारा थ्रिलर मी तरी दुसरा बघितला नाही.

बनवण्यातली खुबी अशी की तीच आठ मिनिटं दाखवताना कॅमेरा कधी ह्या बाजूनं, कधी त्या बाजूनं, आणि दर वेळी ती आठ मिनिटं पडद्यावर आठ मिनिटं नसतात. कधी पूर्ण खेळवलीत, कधी अर्ध्यातून सुरू, एक-दोन वेळा तर नुसता भडका दाखवून परत. कीर्तनात बुवा एकच चरण धरून बसतात, फिरून फिरून तोच म्हणतात पण दर वेळी अर्थ वेगळा निघतो, तसं चाललंय, आणि कंटाळा यायच्या आधीच पुढं सरकतंय. म्हणून मावशांना पण कळलं. त्यातली एक मावशी पहिल्या दहा मिनिटांत म्हणाली होती, "हे पोरगं येड्यावानी काऊन करायलंय, गाडीत बसायचं सोडून," आणि अर्ध्या तासानं तीच बाकीच्यांना सांगत होती की आता तो पाकीटवाला उतरंल बघा.

हो, पाकीट. बॉम्ब संडासाच्या वरच्या झरोक्यात लपवलेला असतो, मोबाइलनं उडणारा. ठेवणारा माणूस स्टेशनवर उतरताना स्वतःचं पाकीट मुद्दाम गाडीत टाकून जातो, म्हणजे नंतर मेलेल्यांत त्याचं नाव धरलं जाईल. हा धागा भारी बसवलाय. पण त्या माणसाचं, डेरेक फ्रॉस्टचं, हे सगळं करायचं कारण काय तर जग बरबाद झालंय, राखेतून नवीन सुरुवात करायची, एवढंच दोन वाक्यांत. एमपीएससीवाली पोरं इथं नाराज होती आणि त्यांचं बरोबर आहे. इतक्या कष्टानं ज्याला शोधला तो सापडल्यावर त्याच्यात बघण्यासारखं काहीच नाही. व्हिलन पातळ आहे, मी पण त्याचे मार्क कापले.

संशयाचा भाग मात्र वेगळा. कोल्टर पहिला संशय कुणावर घेतो तर डब्यातल्या एका सावळ्या, आपल्याकडच्या माणसासारख्या दिसणाऱ्या प्रवाशावर, जो घाईघाईनं संडासाकडं जातो. समोरची क्रिस्टिना त्याला तिथल्या तिथं टोकते की रंग बघून माणूस धरायलास का. नंतर कळतं, बिचाऱ्याला गाडी लागत होती, एवढंच. इथं मोबाइलवाले भाई बोलले, आणि भाई एरवी पिक्चर चालू असताना बोलत नाहीत. म्हणले, "मेरेकू तो पहलेच मालूम था इसकोच पकडेंगे." मग पिक्चर संपल्यावर म्हणले की २०११ च्या अमेरिकन पिक्चरमध्ये असा माणूस संशयित म्हणून येणार हे ठरलेलंच असतं, पण ह्यांनी आधी आपल्याला त्याच्यावर संशय घ्यायला लावला आणि मग आपल्याच तोंडावर आणून ठेवलं, हे चांगलं केलं. कुणीच काही बोललं नाही, कारण आमच्यापैकी बहुतेकांनी पण त्याच माणसाकडं बोट दाखवलं होतं. पिक्चर फार भाषण न देता हे करून जातो, मला तो ह्याच्यासाठी फार मानाचा वाटतो.

ह्याच गाडीत एक कॉमेडियन प्रवासी आहे, त्याचं काम रसेल पीटर्सनं केलंय, भारतीय आई-बापाचा कॅनडातला खराखुरा स्टँडअपवाला. सुरुवातीला नुसता खडूस वाटतो. शेवटच्या फेरीत कोल्टर त्याच्याशी खिशातल्या सगळ्या पैशांची पैज लावतो की ह्या डब्याला हसवून दाखव. ते आपापल्या मोबाइलात, पेपरात, कुरकुरीत अडकलेले लोक एकदम हसायला लागतात. ह्या सीनकडं मी परत येतो.

आता सुभेदार काकांचं. मध्यावर कळतं की कोल्टर दोन महिन्यांपूर्वीच अफगाणिस्तानात मेलाय, निदान कागदावर तरी. शरीराचा वरचा भाग तेवढा एका पेटीत नळ्या लावून जिवंत ठेवलाय आणि ती लोखंडी खोली वगैरे सगळं त्याच्या डोक्यातलं आहे. घरच्यांना कळवलंय की शहीद झाला. आणि इकडं त्याच्याकडून ड्युटी चालूच. तो शास्त्रज्ञ रटलेज आधी कबूल करतो की काम झालं की तुला मरू देऊ, आणि काम झाल्यावर म्हणतो, ह्याची मेमरी पुसा, पुढच्या वेळी लागंल. काका ताठ उठून बसले. म्हणले, "सैनिकाला मरायला कमीपणा नसतो हो, पण ड्युटी संपली की माणसाला सोडावं लागतं. हे तर मेलेल्याला हजेरीवर धरायलेत." काकांना पिक्चरचं सायन्स काही पटलं नाही, त्यांनी विचारलं पण नाही. त्यांच्यासाठी हा पिक्चर गुडविनचा आहे. हुकूम मोडून ती बाई त्या पेटीपाशी जाते आणि दिलेला शब्द पाळते, नळ्या बंद करते. वेरा फार्मिगाला ह्या पिक्चरमध्ये बहुतेक वेळ खुर्चीत बसून स्क्रीनकडं बघत बोलायचंय, बस. सुरुवातीला आवाज एकदम सरकारी, पाठ केलेली वाक्यं, आणि हळूहळू त्या आवाजात फट पडत जाते. एकदा ती कोल्टरच्या प्रश्नाला उत्तर द्यायच्या आधी मागं बघते, साहेब ऐकतोय का म्हणून. तेवढ्यात सगळं कळतं. माझ्या मते हिरोपेक्षा अवघड काम तिचं होतं आणि तिनं ते काढलंय.

रटलेज मात्र एकाच रंगात रंगवलाय. स्वतःच्या प्रोजेक्टपलीकडं काही दिसत नाही असा साहेब, असे साहेब असतात हे खरं, पण लिहिणाऱ्यानं त्याला एखादा तरी माणुसकीचा क्षण द्यायला पाहिजे होता.

फोनचा सीन. शेवटच्या फेरीत कोल्टर गाडीतून आपल्या बापाला फोन लावतो. मी तुमचाच मुलगा असं सांगू शकत नाही, म्हणून म्हणतो की मी त्याच्यासोबतचा सैनिक, शॉन, त्यानं निरोप दिला होता. बाप आणि पोरगा शेवटी भांडून वेगळे झालेले. तो मुलगा मित्राच्या नावानं बापाची माफी मागतो आणि बाप त्या अनोळखी आवाजाला सांगतो की माझं पण चुकलं. बापाचा फक्त आवाज आहे, स्कॉट बॅक्युलाचा, चेहरा दाखवलाच नाही, आणि नाही दाखवला तेच बरं केलं. आपल्याकडं बाप-लेकाचं बोलणं आईच्या मार्फतच होतं, "तुझ्या बापाला सांग," "पोराला विचार जेवला का." त्यामुळं तिसऱ्याच माणसाच्या नावानं बापाशी मोकळं बोलणारा पोरगा बघून हॉलमधले पुरुष लोक जमिनीकडं बघायला लागले. टाइम लूप, बॉम्ब, सायन्स सगळं बाजूला ठेवा, ह्या दोन-तीन मिनिटांसाठी तरी पिक्चर बघा.

आणि आता ज्याच्यावरून खरी जुंपली ते. सरांनी लावून दिली.

पिक्चरमध्ये रटलेज सांगतो की बल्ब बंद केल्यावर जशी क्षणभर उजेडाची छटा राहते तशी मेल्यानंतर मेंदूत थोडा वेळ राहते, शेवटच्या आठ मिनिटांच्या आठवणीसकट. शॉनच्या मेंदूतली ती आठ मिनिटं काढली आणि कोल्टरला त्यात सोडलं. हा टाइम ट्रॅव्हल नाही, मागं जाऊन काही बदलता येत नाही, असं तो ठासून सांगतो. मध्येच क्वांटम मेकॅनिक्स (अणूच्या आतल्या बारीक कणांचं फिजिक्स) आणि पॅराबोलिक कॅल्क्युलस असे शब्द पण टाकतो, त्यातला दुसरा ऐकून सर हसले, म्हणले हे आपल्या सिलॅबसला नाही. मग शेवटी काय होतं, आठ मिनिटं संपतात, गुडविन नळ्या बंद करते, डब्यातले सगळे हसताना आणि कोल्टर क्रिस्टिनाचा मुका घेताना चित्र गोठतं. अगदी थांबतं. कॅमेरा त्या गोठलेल्या चेहऱ्यांमधून जातो. आणि मग चित्र परत चालू होतं! गाडी उडत नाही, शिकागोला पोचते.

एमपीएससीवाल्या पोरांचं म्हणणं, हा चीटिंग आहे. चित्र गोठलं तिथंच पिक्चर संपायला पाहिजे होता, पुढचं सगळं लोकांना खूश करायला चिकटवलंय. रटलेजनंच सांगितलंय ना की ही नुसती आठवण आहे? बऱ्याच लोकांचं असंच मत असतं आणि ते गोठलेलं चित्र आहेच इतकं सुंदर की तिथं थांबावं असं कुणालाही वाटंल.

सर म्हणले, थांबा. आठवण शॉनची आहे ना? मग शॉननं त्या सकाळी संडासातला झरोका उघडून बघितला होता का? नाही. तो मधल्या स्टेशनवर उतरला होता का? नाही. ज्या गोष्टी शॉननं आयुष्यात कधी बघितल्याच नाहीत त्या त्याच्या आठवणीत कुठून येणार? झरोक्यातला बॉम्ब, त्याला लावलेला मोबाइल, उतरलेल्या माणसाच्या गाडीचा नंबर, हे सगळं कोल्टरला दिसलं म्हणजे तो आठवणीत नव्हताच, तो खरोखरच्या दुसऱ्या एका सकाळी गेला होता. रटलेजला स्वतःचं यंत्र काय करतंय हे कळलंच नाही, आणि कोल्टरला कळलं. १९५७ साली ह्यू एव्हरेट नावाच्या अमेरिकन फिजिक्सवाल्यानं मांडलं होतं की क्वांटमच्या गणितात जेवढ्या शक्यता असतात तेवढ्या सगळ्या घडतात, एकेक आपापल्या जगात. पिक्चर त्याच वाटेनं गेलाय, फक्त नाव घेतलं नाही. म्हणजे शेवट चिकटवलेला नाही, झरोका उघडला तेव्हाच तो ठरला होता.

मी सरांच्या बाजूनं आहे, पूर्ण. हा मुद्दा लक्षात ठेवून पिक्चर परत बघा, तुम्हाला जागोजागी खुणा सापडतील. आरशासारख्या काहीतरी चकचकीत, वेड्यावाकड्या प्रतिबिंबांची झलक कोल्टरला दर फेरीच्या मध्ये दिसत असते, आपल्याला वाटतं असंच काहीतरी. शेवटी दोघं शिकागोच्या चौकात येतात आणि समोर ते क्लाउड गेट, स्टीलचं भलंमोठं घेवड्याच्या दाण्यासारखं शिल्प, ज्यात सगळं शहर वाकडं दिसतं. म्हणजे जे अजून घडलं नव्हतं ते त्याला आधीपासून दिसत होतं. ते शिल्प अनिश कपूरचं आहे, आपल्या मुंबईत जन्मलेल्या माणसाचं, हे सांगितल्यावर सगळ्यांनी परत मागं जाऊन बघितलं.

पण मग वहिनी बोलली, आणि सरांसकट सगळे गप्प झाले.

वहिनीचं म्हणणं असं, "शेवट खरा मानला ना तुम्ही? मग त्या मास्तरचं काय झालं? त्या जगात बॉम्ब फुटलाच नाही, म्हणजे शॉन मेलाच नाही. मग तो गेला कुठं? ह्या कॅप्टननं त्याचं अंग घेतलं आणि आता घेऊन फिरायलाय. आणि ती क्रिस्टिना, तिला आवडत होता शॉन. रोज समोर बसून बोलायची ती शॉनशी. हिला सांगितलं का कुणी की हा तो नाही म्हणून? तिला फसवलंच की."

ह्याच्यावर उत्तर नाही. खूप प्रयत्न केला लोकांनी. कोणी म्हणलं दुसऱ्या जगात शॉन तसाही मेला होता, पण ह्या जगात मेला नव्हता, आणि आपण ह्याच जगाचं बोलायलोय. कोणी म्हणलं एक गेला पण गाडीभर लोक वाचले, तर काका म्हणले ज्याला विचारलं नाही त्याला खर्ची घालायचं म्हणजे रटलेजनं कोल्टरला केलं तेच कोल्टरनं शॉनला केलं. हे ऐकून मी अक्षरशः हादरलो, कारण सगळा पिक्चर आपण ज्या अन्यायावर चिडलेलो असतो तोच अन्याय शेवटी हिरोच्या हातून होतो आणि पिक्चरला त्याची जाणीवच नाही. आनंदी संगीत, चौक, दोघं हातात हात घालून. एखादं वाक्य पाहिजे होतं. कोल्टरनं त्या शिल्पाच्या स्टीलमध्ये शॉनचा चेहरा बघून एक क्षण थांबायला पाहिजे होतं, त्या माणसाची कोणी आई असंल, वर्गातली पोरं असतील, सोमवारी शाळेत हजेरी घ्यायला कोण जाणार? इतक्या बारीक नजरेनं बुटावरची कॉफी दाखवणाऱ्या पिक्चरनं मास्तरकडं असं दुर्लक्ष करावं, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

क्रिस्टिनाबद्दल पण वहिनीशी मी सहमत आहे. मिशेल मोनाहन गोड आहे, डोळ्यात खट्याळपणा आहे, पण तिला लिहिलंच कमी. दर फेरीत ती कोरी होऊन येते, तिला काही आठवत नाही, त्यामुळं प्रेम एकट्या कोल्टरच्याच बाजूला वाढत जातं. हा टाइम लूपच्या गोष्टींचा जुनाच त्रास आहे, एकाला सगळं माहीत आणि दुसऱ्याला काहीच नाही.

तरी मी हा शेवट बदला म्हणणार नाही. कारण ती हसणारी गाडी. पैज लावून कॉमेडियनला उभं करण्यामागं कोल्टरचा काही डाव नाही, बॉम्ब तर त्यानं आधीच निकामी केलाय, फ्रॉस्टला बेडी घालून ठेवलाय. त्याला वाटतंय आता आपले शेवटचे क्षण उरलेत, आणि ते त्यानं कशाला वापरले तर ज्यांची नावंही पूर्ण माहीत नाहीत अशा लोकांना हसताना बघायला. आणि मग गुडविनला आलेला मेसेज. नव्या जगातली गुडविन, जिनं अजून हे मशीन वापरलेलंच नाही, तिला सकाळी मोबाइलवर मेसेज येतो की तुमचं यंत्र तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त काहीतरी करतंय, आणि तिथं पेटीत जो कोल्टर पडून आहे त्याची वेळ येईल तेव्हा त्याला सांग, सगळं ठीक होणार आहे. काकांनी हे वाक्य सरांकडून मराठीत परत एकदा म्हणवून घेतलं.

बघणार असाल तर दोन गोष्टी. छोट्या मोबाइलवर बघू नका, कारण मजा सगळी मागच्या सीटवरच्या लोकांत आहे आणि ते मोबाइलवर दिसतच नाहीत, टीव्ही तरी पाहिजे आणि आवाज चांगला पाहिजे, स्फोटाच्या आधी शेजारच्या रुळावरून मालगाडी धडधडत जाते तो आवाज ओळखीचा झाला की अंगावर काटा येतो. इंग्रजी सबटायटल चालू ठेवा, रटलेज भरभर बोलतो. सुरुवातीची वीस मिनिटं कुणाला उठू देऊ नका, पहिली फेरी हुकली तर पुढच्या फेऱ्यांतल्या अर्ध्या गोष्टी लागणारच नाहीत.

आणि चार माणसं सोबत असतील तर असं करा, सगळे हसताना चित्र गोठतं तिथं पॉज दाबा, चहा टाका, आणि प्रत्येकाला विचारा इथं संपवायचा का पुढं बघायचा. आमच्यात बहुतेकांनी पुढं म्हणलं, वहिनीनं पण. तुमच्याकडं काय निघतंय ते ठरल्यावरच पुढचं लावा.